आठही दिवे लागले तरी

माझी तक्रार अशी होती : लॅपटॉपला केबल लावली की नेट जातं, काढली की येतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई उलटं सांगतेय. पण तसंच होत होतं. हॉलमधल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबलवाल्या पोराकडून पट्टीतून तार आणून घेतली होती, कारण महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास जीएसटीची रिटर्न्स भरताना वायफायनं मान टाकलेली मला परवडत नाही. आणि नेमकी तारच घात करत होती.

एका शनिवारी घरात दोन जाणकार एकत्र सापडले. एक माझा मोठा भाऊ. टेलिफोनच्या केबलींचे सांधे जोडण्यात त्याची सगळी नोकरी गेली. दुसरी माझी लेक. पुण्यात एका कंपनीत ती नेटवर्क सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर फोनवरून दुसऱ्यांचे लॅपटॉप दुरुस्त करते. मामा-भाचीचं एरवी गूळपीठ. या विषयात मात्र दोघांचं एका वाक्यावरही एकमत नाही. त्या दिवशीचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं उतरवते आहे. माझे मधले प्रश्न आणि चहा गाळला आहे.

लेक : आई, तू उलटं सांगत नाहीयेस. लॅपटॉपला बाहेर जायला दोन वाटा दिसल्या, वायफाय आणि तार, की विंडोज प्रत्येक वाटेला एक आकडा लावतं. त्याला मेट्रिक म्हणतात. आकडा लहान ती वाट पुढे. तारेचा वेग जास्त धरलेला असतो, म्हणून साधारणपणे तिचा आकडा लहान. तार जोडलेली दिसली, पत्ता मिळाला, की सगळी वाहतूक तिकडून. त्या तारेवरून निम्मी पॅकेट्स वाटेत मरतायत, हे त्या हिशेबात धरलेलंच नाही. वायफाय ठणठणीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

मामा : म्हणजे दोष तारेत आहे हे तूच कबूल केलंस.

लेक : मी वाट म्हणाले. तार, तिची दोन टोकं, लॅपटॉपचा पोर्ट, आतली चिप, ड्रायव्हर, सेटिंग, राउटर, हे सगळं मिळून वाट. तू लगेच तारेवर जातोस, कारण तुला तारच दिसते.

मामा : आणि तुला पडदाच दिसतो.

लेक : मला तोही दिसत नाही, मामा. समोरचा माणूस नागपुरात असतो. पोर्टचा दिवा कुठला लागलाय विचारलं तर तो चार्जरचा दिवा सांगतो. म्हणून मी आधी रीस्टार्ट करायला सांगते.

मामा : हेच मला पटत नाही. बंद करा, चालू करा. चाललं तर का बंद होतं ते कळलं नाही, आणि नाही चाललं तरी कळलं नाही. पुरावा पुसून टाकायचा आणि मग तपासाला बसायचं! आमच्याकडे तक्रार आली की डॉकेट पडायचं. टेस्ट डेस्कवरचा माणूस आधी एमडीएफवरून, म्हणजे एक्स्चेंजमधल्या मुख्य चौकटीवरून, लाइन तपासायचा. डिसकनेक्शन आहे, लूप आहे, अर्थ आहे की क्रॉस, ते ठरायचं, मग आम्ही त्या खांबाकडे निघायचो. काम झाल्यावर काय सापडलं ते डॉकेटवर लिहायचं. “फोन बंद करून चालू केला” असं लिहिलं असतं तर आमच्या साहेबानं, जेटीओनं, ते तोंडावर फेकलं असतं.

लेक : आणि तोवर गिऱ्हाइकाचा फोन?

मामा : बंद. पावसाळ्यात जरा जास्तच दिवस. खोटं कशाला बोलू?

लेक : माझ्याकडे तो वेळ नाही. तिकीट उघडलं की घड्याळ सुरू होतं. आणि रीस्टार्ट म्हणजे अडाणीपणा नव्हे. पोर्टच्या चिपला स्वतःची झोप-जाग असते. 2012 साली विंडोज 8 आलं, त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तेव्हापासून शटडाउन म्हणजे पुरतं बंद होणं नाही. विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच उचलतात. बिघडलेला ड्रायव्हर तसाच बिघडलेला परत येतो. रीस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणून मी लोकांना बंद-चालू करा असं म्हणतच नाही. रीस्टार्ट हाच शब्द वापरा, तेच बटण दाबा, असं सांगते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे असतात ना, त्यांची तर गंमत होते. विंडोज जाता जाता पोर्टच्या चिपला झोपवून जातं आणि लिनक्सला ती कधीकधी उठवताच येत नाही. पोर्टचा दिवासुद्धा लागत नाही. लोक केबली बदलत बसतात. चार्जर काढून पॉवरचं बटण दाबून धरलं की चिप जागी होते.

मामा : बरं. इथे रीस्टार्ट केलंस?

लेक : केलं. फरक नाही.

मामा : मग आता खाली बसू दे मला.

दादा खरंच खाली बसला. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं लॅपटॉपच्या कडेच्या पोर्टात पाहिलं. आतले सोनेरी पिन एका रांगेत आहेत का, एखादा वाकून शेजारणीला टेकलाय का. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत हा पोर्ट पुरता मावत नाही, म्हणून खालचा जबडा उघडून केबल आत घ्यावी लागते, आणि तो जबडा सैल झाला की केबल दिसायला बसलेली, प्रत्यक्षात लोंबणारी. आमचा जबडा घट्ट होता. कनेक्टरची प्लास्टिकची जिभली शाबूत होती. टक् असा आवाज आला. मग तो पोर्टाजवळच्या दोन दिव्यांकडे टक लावून बसला. हिरवा लागला, नारिंगी लुकलुकू लागला. काही वेळानं दोन्ही विझले. पुन्हा लागले.

लेक : दिव्यांच्या रंगावर जाऊ नकोस. कुठला रंग कशासाठी याचा काही नियम नाही. कुणाचा नारिंगी म्हणजे गिगाबिट, तर कुणाचा हिरवा.

मामा : रंग राहू दे. विझणं तर सगळ्या कंपन्यांचं सारखंच असेल?

माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात कामाचं वाक्य हे. पण लेक हार मानणाऱ्यातली नाही. तिनं कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली.

लेक : मी वरून, म्हणजे ब्राउझरपासून नाही, मधून सुरुवात करते. आधी पिंग, म्हणजे पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहायचं. 127.0.0.1.

मामा : उत्तर आलं. काय सिद्ध झालं?

लेक : जवळजवळ काही नाही. पुष्कळ जण सांगतात की यानं नेटवर्क कार्ड तपासलं जातं. ते पॅकेट कार्डापर्यंत पोचतही नाही, वरच्या वर सॉफ्टवेअरमध्येच वळून परत येतं. टीसीपी-आयपी जागेवर आहे एवढंच कळलं. आता आयपीकॉन्फिग. पत्ता 192.168.1 नं सुरू होतोय, म्हणजे राउटरशी बोलणं झालंय. लॅपटॉप आधी सगळ्यांना उद्देशून ओरडतो, मला पत्ता हवा. राउटर म्हणतो, हा घे. लॅपटॉप म्हणतो, हाच घेतो. राउटर म्हणतो, ठीक. असे चार निरोप. याला डीएचसीपी म्हणतात. यातलं काहीच पोचलं नाही तर विंडोज स्वतःच 169.254 नं सुरू होणारा पत्ता धारण करतं. तो पाहिला की लोक घाबरून हातानं पत्ते भरायला लागतात, आणि मूळ दुखणं राहतं बाजूला. 169.254 दिसला म्हणजे एवढंच समजायचं, की मी हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. का दिली नाही ते खाली शोधायचं.

मामा : खाली. आलीस ना?

लेक : थांब रे. आणि आई, तू ज्या गोलावर एवढी चिडतेस ना, “नो इंटरनेट” लिहिलेल्या, त्याचं बोलणंही फार मनावर घेऊ नकोस. विंडोज काय करतं, मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी मजकुराची फाइल मागवून पाहतं. तिच्यात तीनच शब्द असतात, मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे, नाही आले तर नाही. ऑफिसच्या फायरवॉलनं तेवढाच एक पत्ता अडवला तर नेट धो धो चालू असतं आणि हा गोल नाही म्हणत राहतो.

मला हे नवीन होतं. इतके दिवस मी त्या गोलाला वेधशाळेसारखं मानत होते.

लेक : आता राउटरला पिंग. 192.168.1.1. घरातल्या घरात एक मिलिसेकंदाच्या आसपास उत्तर यायला हवं आणि एकही पॅकेट हरवता कामा नये. येतायत… हा एक हरवला… येतायत. विंडोजचं साधं पिंग 32 बाइटांचं असतं, अगदी चिमुकलं. आता मी 1400 बाइटांचं पाठवते. बघ.

पाहिलं. एक उत्तर, मग “रिक्वेस्ट टाइम्ड आउट”, पुन्हा तेच, मग एखादं उत्तर.

लेक : लहान जातात, मोठी मरतात. एक बिट जरी चुकला तरी अख्खं पॅकेट टाकून द्यायचं हा इथरनेटचा नियम. पॅकेट जितकं लांब तितकी त्यात एखादा बिट बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून तुझं गूगलचं पान कसंबसं उघडतं आणि रिटर्नची फाइल चढत नाही. आता नेटस्टॅट. एररच्या ओळीतला आकडा बघ, आणि थोड्या वेळानं पुन्हा बघ. वाढतोय. हे सेटिंगचं दुखणं नाही. डीएनएस बदल, विनसॉक रीसेट कर, ड्रायव्हर काढून पुन्हा टाक, यातलं काही करायची गरज नाही. मामा, तुझा मुद्दा मी मान्य करते. पण मी तिथे मधून आले आणि चटकन आले.

मामा : मी दिवा विझताना पाहिला तेव्हाच आलो होतो.

लेक : दिवा विझणं खराब ड्रायव्हरनंही होतं, वीज वाचवण्याच्या सेटिंगनंही होतं. तुला माहीत नव्हतं, तू धरून चाललास. धरून चाललास ते बरोबर निघालं, एवढंच.

यावर दादा गप्प बसला. मला लेकीचं म्हणणं रास्त वाटलं. मग तिनं बॅगेतून एक काळी डबी काढली. पाच भोकांचा जुना स्विच, 100 एमबीपीएसचा. मागच्या खोलीतली तार त्यात खुपसली आणि त्यातून वीतभर केबल लॅपटॉपला. दिवे लागले ते लागलेच. मोठं पिंग एकामागून एक परत येऊ लागलं.

लेक : झालं. आई, भर तुझी रिटर्न्स.

मामा : काय झालं? काय केलंस?

लेक : गिगाबिटवर तार टिकत नव्हती, 100 वर टिकतेय. लॅपटॉपच्या सेटिंगमध्येही 100 फुल डुप्लेक्स असं ठोकता आलं असतं, पण ते मी मुद्दाम केलं नाही. एका टोकानं हट्टानं 100 फुल धरलं की ते बोलणी करायचं थांबवतं. पलीकडचा राउटर वेग ओळखतो, पण समोरचा फुल आहे की हाफ हे बोलण्याशिवाय कळत नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. एक टोक एकाच वेळी बोलतं आणि ऐकतं, दुसरं समोरचं बोलणं संपायची वाट पाहतं. दिवा स्थिर, पिंग छान, आणि जरा भार पडला की सगळं गोगलगाय. तो दोष शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. स्विच मध्ये घातला की तो दोन्हीकडे रीतसर बोलून 100 वर जमवून घेतो. घरचा प्लॅनच 50 चा आहे. गिगाबिट हवंय कुणाला? तिकीट बंद.

मामा : आणि दोष?

लेक : दोष असू दे ना! त्रास देत नाहीये.

मामा : तू दोष बरा केला नाहीस. त्याला पेलवेल एवढंच काम दिलंस.

लेक : मग? ज्याचं काम अडलं होतं त्याचं सुटलं ना? कारण शोधत बसायचा पगार मला मिळत नाही, मामा, आणि आईलाही नको आहे. तिला 20 तारीख हवी आहे.

इथे दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला खरोखरच 20 तारीख हवी होती. पण दादानं तोवर आपली थैली उघडली होती आणि त्याला थांबवणं आमच्या घरात कुणालाच कधी जमलेलं नाही. थैलीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला टेस्टर होता. दोन डब्या. एक तारेच्या या टोकाला, एक राउटरकडच्या टोकाला. बटण दाबलं की पहिल्या डबीवर एकपासून आठपर्यंत दिवे ओळीनं पळतात, आणि तार धड असेल तर दुसऱ्या डबीवरही त्याच क्रमानं. मी हॉलमध्ये उभी राहून आकडे ओरडून सांगत होते. एक, दोन, तीन, चार. आठही लागले, क्रमानं, न चुकता.

लेक : घ्या. तार पास.

मामा : हं.

लेक : हं काय? तुझ्याच टेस्टरनं सांगितलं. मग दोष लॅपटॉपच्या चिपमध्ये. यूएसबीचा एक ॲडॉप्टर घेऊन टाकू, आतली चिप विसरू.

मामा : हा टेस्टर काय सांगतो ते नीट ऐक. एक नंबरची तार पलीकडे एकवर निघते, दोनची दोनवर. म्हणजे डिसकनेक्शन नाही, शॉर्ट नाही, क्रॉस नाही. कुठली तार कुणाची जोडीदार आहे ते त्याला कळत नाही. बॅटरीच्या विजेला त्याची पर्वाच नसते. तुमच्या सिग्नलला असते. तो टॉर्च दे.

त्यानं कनेक्टर टॉर्चसमोर धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंग दिसत होते, ओळीनं, अगदी देखणे. पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा, हिरवा. पांढरा-निळा, निळा. पांढरा-तपकिरी, तपकिरी. हॉलमधल्या टोकालाही हुबेहूब तसेच.

मामा : बघ. पोरानं किती नीट लावलेत. प्रत्येक रंगाशेजारी त्याचा पांढरा. कुणालाही वाटेल, हेच बरोबर.

लेक : …स्प्लिट पेअर. अरे देवा.

मामा : आता तू सांग हिला.

लेक : तूच सांग. तुझी मेहनत आहे.

मामा : हे बघ, या आठ तारा म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या. ग्रॅहम बेलनंच 1881 साली त्याचं पेटंट घेतलं होतं. बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक घेतात, त्यात ती खरखर वजा होते. पण हे कधी? एक सिग्नल एकाच पिळातल्या दोन तारांवरून गेला तर. इथे काय झालंय, या कंप्युटरवाल्यांच्या कनेक्टरात तिसरा आणि सहावा पिन मिळून एक जोडी असते, चौथा आणि पाचवा मिळून एक. या पोरानं तीन-चारला हिरवी जोडी दिली, पाच-सहाला निळी. म्हणजे तीन-सहाच्या सिग्नलची एक तार हिरव्या पिळात, दुसरी निळ्या पिळात. दोन जोडप्यांनी एसटीत अदलाबदल करून बसावं आणि मग आपापल्या माणसाशी कुजबुजायला बघावं, तसं. सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू. आमच्या केबलीत सांधा चुकला की गिऱ्हाईक सांगायचं, फोनमध्ये दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. मेगर लावा, मीटर लावा, सगळं उत्तम. स्प्लिट होता तो.

लेक : आणि 100 वर का चाललं तेही यातच आहे. 100 ला एक-दोन आणि तीन-सहा एवढ्या दोनच जोड्या लागतात. चार-पाच गप्प बसलेली असते, मग तीन-सहाला त्रास द्यायला शेजारी कोणी नाही. 1999 ला तांब्याच्या तारेवर गिगाबिट आलं ते चारही जोड्यांवरून, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. सगळ्या बोलायला लागल्या की गोंधळ.

मामा : बरोबर क्रम कुठला?

लेक : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पण हिरवी जोडी फोडून निळ्याच्या दोन बाजूंना का बसवलीय, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. पाठ करा म्हणाले.

मामा : आमच्यामुळे.

लेक : म्हणजे?

मामा : फोनच्या जॅकमध्ये पहिली लाइन कायम मधल्या दोन पिनांवर. निळी जोडी. दुसरी लाइन तिच्या दोन बाजूंना. पिळलेल्या तारेवर तुमचं इथरनेट चालवायचं ठरलं तेव्हा भिंतीत आधीच आमच्या तारा होत्या. मधले दोन पिन फोनला सोडून दिले. म्हणून हिरवी फुटली.

हे खरं आहे. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत इथरनेट जन्मलं ते जाड समाक्षीय केबलीवर. पिळलेल्या जोड्यांवरच्या इथरनेटचं प्रमाण 1990 मध्ये आलं, आणि ते एक, दोन, तीन, सहा या पिनांवर बसवताना मधली निळी जोडी मोकळी ठेवली गेली. माझ्या घरात जो फोन आता नाही, त्याच्यासाठी राखलेल्या जागेपायी पट्टीतली तार बिघडली होती. केबलवाल्या पोराला तरी दोष काय द्यायचा? रंग जुळवून लावणं हेच कुणालाही सुचेल. त्याच्याकडचा टेस्टरही हाच असणार, आणि त्याच्याही समोर आठ दिवे ओळीनं लागले असणार.

दादानं दोन्ही टोकं कापली. वरचं आवरण जेमतेम सोललं, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त मोकळा होऊ दिला नाही, रंग नव्या क्रमानं लावून नखानं सपाट केले, कनेक्टरात घातले आणि क्रिम्पिंग टूल दाबलं. दुसऱ्या टोकाला बसताना त्याच्या हातातला एक तुकडा त्यानं ब्लेडनं खरवडला आणि लेकीच्या पुढ्यात धरला. वरून तांबडा, आतून पांढुरका.

लेक : ॲल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा.

मामा : बॉक्सवर काय लिहिलं असेल देव जाणे. वाकवली की तुटते, विरोध जास्त. ही अख्खी काढायला हवी.

लेक : आता मात्र थांब. आधी लावून बघू.

लावलं. स्विच काढून तार सरळ लॅपटॉपला. दिवे लागले आणि लागलेले राहिले. वेग एक गिगाबिट. मोठं पिंग अखंड. एररचा आकडा जिथे होता तिथेच थिजला. मी लगेच पोर्टल उघडलं. फाइल चढली.

लेक : आता ती तार नाही काढायची. एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, तुझाच नियम.

मामा : दोष सापडल्यावर तो नियम संपतो. ॲल्युमिनियम उद्या तुटणार.

लेक : मग उद्याचं तिकीट उद्या. वीस मीटर पट्टी उखडून भिंत खराब करायची, कशासाठी? होईल तेव्हा होईल. एररचा आकडा वाढायला लागला की आईला कळेल, तिला आता बघता येतो.

मामा : म्हणजे तिनं रोज आकडा बघायचा.

लेक : रोज कशाला? 19 तारखेला.

पट्टी उखडायची नाही, असा निर्णय मी दिला. त्यात तांत्रिक असं काही नव्हतं. भिंतींना नुकताच रंग दिला होता. दादा नाराज झाला, पण त्याचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. त्यानं विचारलं, की ही तार ज्या पोरानं टाकली त्यानं इमारतीत आणखी कुणाकडे काम केलंय का. सगळ्यांकडे, मी म्हटलं. त्या आठवड्यात तो रोजच येत होता.

लेक : मामा, नाही. त्यांची कुणाची तक्रार नाहीये.

मामा : कारण सगळे वायफायवर असतील. केबल लावलीच नसेल.

लेक : मग त्यांच्याकडे फॉल्ट नाही.

मामा : आहे. कळवलेला नाही.

लेक : दार वाजवून काय सांगणार आहेस? तुमचं नेट चालू आहे पण तुमची हिरवी फुटलेली नाहीये?

मामा : कनेक्टर दाखवा म्हणेन. टॉर्च लावून बघायला वेळ लागत नाही.

त्यानं थैली काखेत मारली, उरलेले कनेक्टर खिशात घातले आणि खालच्या मजल्यावर या वेळी कोण घरी असतं ते मला विचारलं. लेकीनं आपला स्विच बॅगेत टाकता टाकता पुन्हा बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला.

लेक : असू दे जवळ. जिथे ते तुला तार कापू देणार नाहीत, तिथे हा लाव.